‘गाडी तरीही कंट्रोलमध्येच राहते’: पॉवर स्टीअरिंगच्या इतिहासातलं एक महागडं वाक्य

(ऑडिओ भागाचं थोडं नीटनेटकं केलेलं लिखित रूप)

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या फोनवर सध्या सेकंड-हँड गाड्यांची ॲप्स उघडी आहेत. पहिली नोकरी, थोडी बचत, आठ-दहा वर्षं जुनी गाडी, असा हिशेब चाललेला असतो. फोटो बघतो, किलोमीटर बघतो, टायर बघतो. स्टीअरिंग फिरवूनही बघतो. एका बोटाने फिरलं की म्हणतो, ‘वा, मस्त आहे!’

आज त्या एका बोटाची गोष्ट. ती हलकी चाल कुठून आली, आणि चालत्या गाडीत ती अचानक गेली तर काय होतं? मी कोड लिहितो, गाड्या दुरुस्त करत नाही. पण ही गोष्ट सॉफ्टवेअरवाल्यांनाही ओळखीची वाटेल. कारण तिच्या मुळाशी एक वाक्य आहे, जे बरोबर होतं आणि तरीही घातक ठरलं. ते वाक्य म्हणजे, ‘गाडी तरीही कंट्रोलमध्येच राहते.’

आधी दंड, मग पंप

मोटारींच्या पहिल्या पन्नासेक वर्षांत स्टीअरिंग म्हणजे सरळ सरळ दंडाची ताकद. चाक फिरवायचं तर ड्रायव्हरनेच फिरवायचं. आपल्याकडे हा काळ बराच लांबला. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आठवा. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तोवर मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांच्या कित्येक पिढ्यांनी गल्लीबोळांत, गर्दीत, पावसात ही गाडी निव्वळ हातांनी वळवली. त्यांना ते जमायचं, कारण गाडी त्यासाठीच बनवलेली होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अमेरिकेत मात्र या जडपणाचा त्रास आधी ट्रकवाल्यांना झाला. पिअर्स-ॲरो नावाच्या कंपनीत फ्रान्सिस डेव्हिस हा इंजिनिअर ट्रक विभाग बघायचा. भरलेल्या ट्रकचं स्टीअरिंग फिरवताना ड्रायव्हरची काय दशा होते, ते त्याला रोज दिसत होतं. त्याने नोकरी सोडली आणि मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थममध्ये एक छोटं वर्कशॉप भाड्याने घेतलं. आजच्या भाषेत स्टार्टअपच म्हणा!

तेलाच्या दाबाने काम करून घेण्याची कल्पना नवी नव्हती. अडचण अशी की दाब सतत धरून ठेवला की तेल कुठून ना कुठून गळायचंच. डेव्हिसची युक्ती सोपी आणि भन्नाट होती. तेल आपलं निवांत फिरत राहू दे. ड्रायव्हरने स्टीअरिंगवर जोर दिला की मगच व्हॉल्व्हने वाट अडवायची, दाब तयार करायचा आणि तो हव्या त्या बाजूला ढकलायचा. हात सोडला की तेल पुन्हा निवांत. मदत मागितली तरच मदत.

१९२६ मध्ये त्याने पिअर्स-ॲरोच्या गाडीत हे बसवून जनरल मोटर्सला, म्हणजे जीएमला, दाखवलं. जीएमने त्याच्याशी करार केला, काही वर्षं काम केलं, आणि १९३४ मध्ये हिशेब जमत नाही म्हणून हात काढून घेतला. मंदीचे दिवस होते. महाग गाड्या घेतं कोण? पुढे दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या जड गाड्यांना ही मदत उपयोगी पडली. सर्वसामान्यांसाठीच्या मोटारीत ती पहिल्यांदा आली १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. क्रायस्लरने डेव्हिसच्या मुदत संपलेल्या काही पेटंटचा आधार घेतला होता. मग जीएमलाही जाग आली आणि ते पुन्हा डेव्हिसच्या दारात.

इथून पुढे गाड्याच बदलल्या. हा बदल फारसा कुणी मोजत नाही, पण सगळी गोम त्यातच आहे.

मदत काढली की जुनी गाडी परत मिळत नाही

आपल्याला वाटतं की पॉवर स्टीअरिंग बंद पडलं म्हणजे काय, फार तर आपली गाडी पद्मिनीसारखी होईल. थोडी जड, बाकी ठीक. असं होत नाही.

हाताने वळवायच्या गाडीत इंजिनिअर ड्रायव्हरची सोय आधीच करून ठेवायचा. स्टीअरिंगचं चाक मोठं, म्हणजे तरफ लांब. गिअरची रचना अशी, की चाकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायला स्टीअरिंगचे चार-पाच फेरे लागायचे. फेरे जास्त, जोर कमी. विहिरीच्या रहाटासारखंच गणित.

पॉवर स्टीअरिंग आल्यावर या सोयी काढून टाकता आल्या. चाक लहान झालं. फेरे तीनच्या आसपास आले. टायर रुंद झाले. इंजिन आडवं बसून सगळं वजन पुढच्या चाकांवर आलं. जोर लावायला पंप होताच की! मग पंप बंद पडला तर काय होतं? हातात लहान चाक, कमी फेरे, रुंद टायर, आणि शिवाय बंद पडलेल्या यंत्रणेचं ओझं. हायड्रॉलिकमध्ये ते साचलेलं तेल तुम्हाला ढकलावं लागतं, इलेक्ट्रिकमध्ये ती मेलेली मोटर फिरवावी लागते. म्हणजे पॉवर स्टीअरिंग *बंद पडलेली* गाडी ही पॉवर स्टीअरिंग *नसलेल्या* गाडीपेक्षा जड असते.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे अचानकपणा. पद्मिनीच्या ड्रायव्हरला जडपणा सकाळी गाडी काढल्यापासून माहीत असायचा. तुम्हाला तो वळणाच्या मधोमध कळतो. त्या एका सेकंदात डोक्यात पहिला विचार येतो, ‘स्टीअरिंग लॉक झालं!’ प्रत्यक्षात बऱ्याचदा ते लॉक झालेलं नसतं, फक्त प्रचंड जड झालेलं असतं. पण ज्याने आयुष्यात कधी जड स्टीअरिंग फिरवलंच नाही, त्याला हा फरक कळायचा कसा?

पंप गेला, मोटर आली

हायड्रॉलिक स्टीअरिंगचा पंप इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. तुम्ही सरळ रस्त्यावर असलात तरी तो फिरतच राहतो आणि इंधन खात राहतो. जपानमध्ये लहान इंजिनाच्या गाड्यांना हा खर्च झेपत नव्हता. म्हणून १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या चिमुकल्या गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग आलं. त्यात तेल नाही, पट्टा नाही. स्टीअरिंगच्या दांड्यावर एक सेन्सर असतो, तो तुम्ही किती जोर लावताय ते मोजतो. कंट्रोलर हिशेब करतो आणि मोटर तेवढी मदत देते. आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या गाड्यांत हेच आहे.

दोन्ही प्रकार जुने होतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. हायड्रॉलिक म्हातारं होताना कुरकुरतं. पट्टा चिरकतो, पंप रडतो, सील गळतात, पार्किंगमध्ये तेलाचा डाग पडतो. इलेक्ट्रिक मात्र शेवटपर्यंत छान वागू शकतं आणि मग एके दिवशी डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मदत खलास. सॉफ्टवेअरवाल्यांना हे सांगायला नको. कालपर्यंत टेस्ट पास होत असते.

कोबाल्टची गोष्ट

आता २००४-०५ मध्ये या. जीएमने शेव्हरोले कोबाल्ट नावाची स्वस्त, छोटी गाडी अमेरिकेत आणली. कॉलेजची पोरं, नवी नोकरी लागलेले, अशांची गाडी. तिला इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग होतं. आणि तिच्यात, पुढे कळलं त्याप्रमाणे, दोन स्वतंत्र दोष होते. दोन्हींचा शेवट एकच, चालत्या गाडीत स्टीअरिंगची मदत जाणं.

पहिला दोष होता इग्निशन स्विचचा. चावी ‘चालू’ स्थितीत धरून ठेवणारा खटका फारच हलका होता. चावीला जड जुडगा असला, किंवा गुडघा लागला, तरी चावी एक घर मागे सरकायची. इंजिन बंद, आणि त्याबरोबर स्टीअरिंगची मदतही बंद. गाडी बाजारात आल्यावर काही महिन्यांतच अमेरिकेतल्या मोटार-समीक्षकांनी हे लिहिलं होतं. कंपनीचं उत्तर काय? इंजिन बंद झालं तरी स्टीअरिंग आणि ब्रेक हाताने-पायाने चालवता येतात, गाडी कंट्रोलमध्येच राहते. गाडी न्यूट्रलमध्ये टाका, पुन्हा सुरू करा. डिसेंबर २००५ मध्ये डीलर्सना सूचना गेली की गिऱ्हाइकांना सांगा, जुडग्यातल्या नको त्या वस्तू काढा. चावीच्या लांबट फटीत बसवायला एक तुकडाही दिला, म्हणजे भोक लहान होईल आणि जुडगा कमी हेलकावेल.

या तक्रारीला कंपनीच्या आतल्या कागदांत ‘ग्राहकाची गैरसोय’ असं लेबल लागलं होतं. ‘सुरक्षा’ हे लेबल नव्हतं. कारण? तेच आपलं वाक्य. गाडी वळवता येते, थांबवता येते, मग सुरक्षेचा प्रश्न कुठे आला? बगला लेबल काय लावता त्यावर त्याचं नशीब ठरतं, हे ऑफिसात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ‘लो प्रायॉरिटी’ला टाकलं की ते तिकीट वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही.

आणि त्या लेबलामागे एक भलीमोठी चूक दडलेली होती. चावी मागे सरकली की एअरबॅगही बंद व्हायच्या. म्हणजे स्टीअरिंग जड होणार, गाडी रस्ता सोडणार, कुठेतरी आदळणार, आणि नेमक्या त्या क्षणी एअरबॅग उघडणार नाही. लेबल लावणाऱ्यांनी या दोन गोष्टी जोडूनच पाहिल्या नव्हत्या.

दुसरा दोष खुद्द स्टीअरिंगच्या मोटरचा. मार्च २०१० मध्ये जीएमने कोबाल्ट आणि तिच्या भावंड-गाड्या मिळून सुमारे १३ लाख गाड्या परत बोलावल्या. तोवर सरकारकडे १,१०० हून जास्त तक्रारी, १४ अपघात आणि एक जखमी अशी नोंद होती. कंपनीने सांगितलेली दोन वाक्यं बघा. एक, हा दोष तयार व्हायला वेळ लागतो, तो वॉरंटी संपलेल्या जुन्या गाड्यांत जास्त दिसतो. दोन, मदत गेली तरी गाडी सुरक्षितपणे चालवता येते, फक्त ताशी २४ किलोमीटरपेक्षा कमी वेगात जास्त जोर लागू शकतो.

पहिलं वाक्य आपल्या कामाचं आहे. दोष जुन्या गाडीत उमलतो, आणि तोवर गाडी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेली असते.

त्याच महिन्यात जॉर्जिया राज्यात एका तरुणीच्या कोबाल्टचा पावसाळी संध्याकाळी अपघात झाला आणि ती गेली. चालता चालता गाडी बंद पडते म्हणून तिने काही दिवसांपूर्वीच ती डीलरला दाखवली होती. गाडीतल्या नोंदयंत्राने सांगितलं, की धडकेच्या काही सेकंद आधी चावी ‘चालू’वरून मागे सरकलेली होती. तिच्या कुटुंबाने दावा लावला. वकिलाने नेमलेल्या तज्ज्ञ इंजिनिअरने जुना स्विच उघडला, दुकानातून नवा आणला, दोन्ही शेजारी ठेवले. आतली स्प्रिंग आणि दट्ट्या वेगळे! नव्यात खटका घट्ट होता. पण पार्ट नंबर? दोन्हींवर एकच.

म्हणजे मधल्या काळात कुणीतरी दुरुस्ती केली होती, पण नंबर बदलला नव्हता. व्हर्जन न वाढवता गुपचूप फिक्स पुश केला, असं समजा. यामुळे कंपनीतलेच दुसरे इंजिनिअर वर्षानुवर्षं डोकं खाजवत बसले, की अलीकडच्या गाड्या ठीक आणि आधीच्याच का बंद पडतात? एक अंक बदलला असता तर उत्तर समोर होतं.

ब्रँड बंद, गाडी रस्त्यावर

आता या गोष्टीतला माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. २०१० मध्ये कोबाल्टच्या स्टीअरिंगची दुरुस्ती जाहीर झाली. पण जीएमच्याच सॅटर्न आयॉन या गाडीत तीच स्टीअरिंग यंत्रणा होती. तिला तेव्हा बोलावणं आलं नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्याने आयॉनची चौकशी सुरू केली, पण ती रेंगाळली. दरम्यान कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीतून गेली होती आणि सॅटर्न हा अख्खा ब्रँडच बंद झाला होता. शोरूम बंद, बोर्ड उतरले. पण गाड्या रस्त्यावरच होत्या. हात बदलत, किंमत उतरत, शेवटी ज्याला नवी गाडी परवडत नाही त्याच्याकडे पोहोचत होत्या.

३१ मार्च २०१४ ला जीएमने स्टीअरिंगसाठी अमेरिकेतल्या आणखी सुमारे १३ लाख गाड्या बोलावल्या, आणि त्यात अखेर आयॉन आली. पूर्वी काही गाड्यांना आम्ही नुसती वॉरंटी वाढवून दिली, ते पुरेसं नव्हतं, असं कंपनीने तेव्हा मान्य केलं. तारीख योगायोगाची नव्हती असं मला वाटतं, कारण दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या प्रमुख मेरी बारा अमेरिकी काँग्रेससमोर इग्निशन स्विचबद्दल उत्तरं द्यायला उभ्या राहणार होत्या. त्या सुनावणीत एक आकडा पुढे आला, ५७ सेंट. स्विच नीट करायला एका गाडीमागे एवढाच खर्च होता.

स्विचसाठी बोलावलेल्या गाड्या झाल्या जगभरात सुमारे २६ लाख. कंपनीच्याच भरपाई योजनेने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. १५ जणांना नोकरीवरून काढलं. २०१५ मध्ये ९० कोटी डॉलर देऊन फौजदारी प्रकरण मिटवलं. चौकशी अहवालात ‘जीएमची मान डोलावणी’ असा एक प्रकार नोंदवला आहे. मीटिंगमध्ये सगळे ‘हो, करायलाच हवं’ म्हणून मान डोलावतात आणि खोलीबाहेर पडल्यावर कुणीच काही करत नाही. हसू येतं ना? आपल्या कालच्या मीटिंगचं काय झालं, ते एकदा आठवा.

आपल्याकडे काय?

भारतात २०१२ पासून कंपन्या आपणहून सदोष गाड्या बोलावत होत्या. सक्ती नव्हती. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल २०२१ पासून सरकारला ‘रिकॉल’ची सक्ती करता येते, दंडही लावता येतो. चांगलं पाऊल आहे. पण त्यात एक अट आहे, गाडी सात वर्षांपेक्षा कमी जुनी हवी. त्याहून जुनी गाडी कंपनी आपणहून बोलवू शकते, पण ही सक्ती तिला लागू नाही.

आता कोबाल्टचा धडा याच्या शेजारी ठेवा. स्टीअरिंगचे दोष वयानुसार उमलतात. आपण घेतो ती गाडी आठ-दहा वर्षांची. म्हणजे कायद्याची छत्री जिथे संपते, तिथून आपला प्रवास सुरू होतो. आणि कंपनीचं पत्र आलंच, तर ते पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. तो कदाचित पुण्याहून बंगळुरूला गेला असेल!

म्हणून काही गोष्टी स्वतःच करा.

गाडी घेण्याआधी आरसी बुकवरचा चासी नंबर घ्या. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर तो टाकून रिकॉल बाकी आहे का ते दिसतं. नाही दिसलं तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

चावी ‘ऑन’ करा, इंजिन सुरू करू नका. इलेक्ट्रिक स्टीअरिंग असेल तर स्टीअरिंगचा दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. मुळात लागतच नसेल तर खूश होऊ नका. दिवा काढून टाकलेला असू शकतो.

हायड्रॉलिक असेल तर इंजिन बंद असताना स्टीअरिंगवर हलका जोर धरा आणि गाडी सुरू करा. ते हातात जरासं सैल पडायला हवं. मग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि आवाज ऐका. तेलाची पातळी आणि रंग बघा, गाडीखाली डाग बघा. पावसाळ्यात पट्टा चिरकतो का, ते मालकाला विचारा. आणि चावी सुरू स्थितीत असताना हलकेच हलवून बघा, खटका घट्ट आहे का.

चालत्या गाडीत मदत गेलीच, तर स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि जोर लावा. ते फिरतं. इंडिकेटर द्या, वेग उतरवत कडेला घ्या. वेग जितका कमी, तितकं स्टीअरिंग जड, त्यामुळे कडेला वळण्याचं काम गाडी चालत असतानाच उरका. इंजिन बंद पडलं असेल तर ब्रेक पंप करत बसू नका, व्हॅक्यूमची साठलेली मदत दोन-तीन दाबांत संपते. एकदाच, ठामपणे दाबा.

आणि एक आपली खास सवय. उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून इंजिन बंद करणारे महाभाग आपल्या घाटांत अजून भेटतात. कोबाल्टमध्ये जो दोष होता, तोच हे लोक स्वतःच्या हाताने रोज घडवून आणतात. वर चावी पूर्ण मागे गेली की स्टीअरिंग खरोखरच लॉक होऊ शकतं. वरंध्याच्या किंवा आंबोलीच्या वळणावर वाचलेलं ते अर्धा लिटर पेट्रोल कशाच्या बदल्यात वाचतंय, ते बघा.

‘गाडी तरीही कंट्रोलमध्येच राहते’ हे वाक्य लिहिणारे खोटं बोलत नव्हते. टेस्ट ट्रॅकवर, तयारीतल्या ड्रायव्हरच्या हातात, गाडी कंट्रोलमध्ये राहतेच. प्रश्न एवढाच होता की पावसात, अंधारात, पहिल्यांदाच हे अनुभवणाऱ्या माणसाच्या हातात ती राहील का. तो प्रश्न तक्रारी लिहिणारी साधी माणसं वर्षानुवर्षं विचारत होती.

तेव्हा या शनिवारी-रविवारी तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमचा एखादा मित्र, जुनी गाडी बघायला जाणार असेल, तर हा भाग त्याला पाठवा. आणि त्याला सांगा, एका बोटाने स्टीअरिंग फिरवून बघायच्या आधी इंजिन बंद ठेवून दोन्ही हातांनी एकदा फिरवून बघ. किती जड आहे ते हातांना माहीत असू दे.

भेटू पुढच्या भागात. गाडी जपून चालवा.